रोज संध्याकाळी दोन मिनिटं नेट जातं? पिंगच्या तीन खिडक्या लावा

लक्षण असं: दिवसभर नेट अगदी छान. संध्याकाळी सात-सव्वासातच्या सुमाराला मीटिंगमधला माणूस तोंड अर्धवट उघडं ठेवून गोठतो. वायफायचं चिन्ह मात्र भरलेलंच. केबलवाल्याने फोन उचलेपर्यंत सगळं पुन्हा सुरळीत. तरी तुम्ही तक्रार सांगता, आणि तिकडून ठरलेलं उत्तर येतं, "साहेब, राउटर एकदा बंद करून चालू करा ना." तुम्ही करता. राउटर उठतो तेव्हा नेट असतंच, त्यामुळे उपाय लागू पडला असं दोन्ही बाजूंना वाटतं आणि तक्रार बंद होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा सात वाजतात.

ठाण्यात आमच्या वर्तकनगरच्या इमारतीत हा प्रकार गणपतीच्या आधीपासून चालला होता. चौथ्या मजल्यावरच्या काकू गणिताच्या ऑनलाइन शिकवण्या घेतात. त्यांच्या मते दोष राउटरचा, म्हणून त्यांनी नवा घेतला. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी प्लॅन वाढवला. कुणी वायफाय एक्स्टेंडर आणून पॅसेजमध्ये लावला. पैसे सगळ्यांचे गेले, नेट जायचं ते जातच राहिलं, कारण ते नेमकं कुठे तुटतंय हे कुणी पाहिलंच नव्हतं. ते पाहायला पिंग पुरतं. फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स कशातही आधीपासून बसवलेलं असतं. स्पीड टेस्ट इथे कामाची नाही. ती उघडून बटण दाबेपर्यंत नेट परत आलेलं असतं आणि आकडा शंभर एमबीपीएस दाखवतो. तोच स्क्रीनशॉट मग केबलवाला तुम्हाला परत दाखवतो.

पिंग काय करतं

दिलेल्या पत्त्यावर ते एक लहानसं पॅकेट पाठवतं. समोरच्या यंत्राने ते जसंच्या तसं परत पाठवायचं असतं. जायला-यायला किती मिलिसेकंद लागले ते पिंग छापतं, उत्तर आलं नाही तर तसं सांगतं. यामागचा आयसीएमपी प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी असे निरोप कसे द्यायचे-घ्यायचे याचे नियम, १९८१ सालापासून तोच आहे. पिंग लिहिलं माइक म्यूस या अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या प्रोग्रामरने, डिसेंबर १९८३ मध्ये, आणि तेही नेटवर्क विचित्र वागत होतं म्हणूनच. त्याने पुढे एक किस्सा लिहून ठेवला आहे. एका नेटवर्क सांभाळणाऱ्याच्या ऑफिसात केबलचा कुठलातरी जोड अधूनमधून सुटत होता. त्याने प्रत्येक उत्तराला कॉम्प्युटर 'पिंग' असा आवाज करेल अशी सोय केली, स्पीकर मोठा केला आणि इमारतभर फिरून एकेक जोड हलवून पाहिला. ज्या जोडापाशी आवाज थांबला तो खराब. लिनक्सवर ही सोय आजही आहे, 'पिंग -ए' म्हटलं की प्रत्येक उत्तराला टिंग वाजतं. विंडोजवर त्याच -ए चा अर्थ वेगळा आहे, तिथे स्पीकर मोठा करून उपयोग नाही.

आज्ञा मी इथे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे. विंडोजमध्ये स्टार्टवर जाऊन 'सीएमडी' शोधा, काळी खिडकी उघडेल. नुसतं पिंग आणि पत्ता दिला तर विंडोज चार पॅकेटं पाठवून थांबतं. संध्याकाळी सातची वाट पाहायची तर चार पॅकेटं कशाला पुरणार? म्हणून -टी लावायचा:

पिंग -टी ८.८.८.८

हे कंट्रोल-सी दाबेपर्यंत चालू राहतं. मध्येच आकडेवारी बघायची असेल तर कंट्रोल-ब्रेक, पिंग न थांबता गोषवारा मिळतो. मॅक आणि लिनक्सवर पिंग मुळातच न थांबणारं आहे, तिथे -टी चा अर्थ वेगळा, तो लावू नका.

तीन खिडक्या, तीन पत्ते

तुमच्या लॅपटॉपपासून बाहेरच्या जगापर्यंत वाटेत टप्पे आहेत. लॅपटॉप ते घरातला राउटर, राउटर ते इमारतीतली केबलवाल्याची पेटी, पेटी ते त्याचं ऑफिस आणि तिथून पुढे. एकाच पत्त्याला पिंग लावलं तर नेट गेलं एवढंच कळतं, जे तुम्हाला आधीच माहीत आहे. तीन ठिकाणी एकदम लावलं की कुठल्या टप्प्यावर गेलं ते कळतं.

पहिला पत्ता घरच्या राउटरचा. 'आयपीकॉन्फिग' अशी आज्ञा द्या आणि 'डिफॉल्ट गेटवे' समोरचा आकडा घ्या. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. याच यादीत तुमच्या लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पुढे जाऊच नका. राउटरने तुम्हाला पत्ताच दिलेला नाही, भानगड घरातच आहे.

दुसरा पत्ता केबलवाल्याकडचा. त्यासाठी 'ट्रेसर्ट -डी ८.८.८.८' द्या. वाटेतले थांबे एकाखाली एक येतात. पहिली ओळ तुमचा राउटर, दुसरी सहसा पुरवठादाराचं पहिलं यंत्र. त्याचा पत्ता बरेचदा १० ने सुरू होतो किंवा १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असतो. दुसऱ्या ओळीत नुसत्या चांदण्या (*) आल्या तर त्याखालचा, उत्तर देणारा थांबा घ्या.

आणि या चांदण्यांवरून इथेच एक सांगतो. ट्रेसर्टमध्ये मधल्या थांब्यावर चांदण्या दिसल्या की लोक तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकून 'इथे फॉल्ट आहे' जाहीर करतात. पुढच्या ओळी नीट येत असतील तर तिथे काहीही फॉल्ट नाही. मोठे राउटर स्वतःला आलेल्या चौकशांना उत्तर देणं हे सगळ्यात खालच्या दर्जाचं काम समजतात, कधी करतात, कधी नाही. तुमचा डेटा मात्र ते इमानेइतबारे पुढे ढकलत असतात.

तिसरा पत्ता बाहेरचा, ८.८.८.८. ही गूगलची सार्वजनिक डीएनएस सेवा (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी), २००९ पासून चालू आहे आणि पिंगला भरवशाने उत्तर देते. १.१.१.१ ही चालेल. बँकेच्या किंवा सरकारी साइटला पिंग लावून उत्तर आलं नाही म्हणून साइट बंद आहे असं समजू नका, कित्येकांनी पिंगला उत्तर देणं मुद्दाम बंद ठेवलेलं असतं.

शक्य असेल तर ही चाचणी लॅपटॉप राउटरला केबलने जोडून करा. वायफायवर केलीत तर पहिल्या खिडकीतच खड्डे दिसतील आणि नसत्या वाटेला लागाल. केबलवर पहिली खिडकी कंटाळवाणी दिसते, सगळीकडे 'एक मिलिसेकंदाहून कमी'. ती तशीच दिसायला हवी.

कुठला संदेश काय सांगतो

'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' म्हणजे पॅकेट गेलं, पण ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही. विंडोज डिफॉल्टने चार सेकंद थांबतं. नेट बंद असताना या ओळी सेकंदाला एक अशा न येता चार-पाच सेकंदांनी एक येतात, त्यामुळे ओळी मोजून 'फक्त पंचवीसच सेकंद गेलं होतं' असा हिशेब करू नका. पंचवीस ओळी म्हणजे दोन मिनिटं होतात. लिनक्सवर तर हरवलेल्या पॅकेटची ओळच येत नाही, क्रमांकात उडी दिसते. ओळ हवी असेल तर मोठ्या लिपीतला -ओ लावावा लागतो.

'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आलं तर ते कुणी सांगितलं हे आधी बघा. ओळीच्या सुरुवातीला तुमच्याच लॅपटॉपचा पत्ता असेल तर अर्थ असा की लॅपटॉपला घरच्या जाळ्यात समोरचं यंत्र सापडलंच नाही. राउटर बंद आहे, केबल निघाली आहे किंवा पत्ता चुकलाय. राउटरचा पत्ता असेल तर राउटर सांगतोय की मला पुढे रस्ता नाही. इथे विंडोजची एक जुनी खोड लक्षात ठेवा. या ओळी 'रिप्लाय फ्रॉम' ने सुरू होतात म्हणून शेवटच्या गोषवाऱ्यात त्या 'रिसीव्ह्ड' मध्येच मोजल्या जातात. म्हणजे एकही पॅकेट मुक्कामी पोहोचलं नाही तरी खाली लिहून येतं, लॉस शून्य टक्के! गोषवारा कुणालाही पाठवण्याआधी वरच्या ओळी वाचा.

नावाने पिंग केलं आणि 'कुड नॉट फाइंड होस्ट' आलं, पण ८.८.८.८ व्यवस्थित उत्तर देतंय, तर लाइन चांगली आहे आणि डीएनएस आजारी आहे. राउटरमध्ये डीएनएसचा पत्ता बदलला की काम झालं.

आकड्यांचंही थोडं. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर शंभर किलोमीटरला जाऊन-येऊन एक मिलिसेकंद. सिंगापूर मुंबईपासून चार हजार किलोमीटरच्या आसपास आहे, तिथल्या सर्व्हरला चाळीसच्या खाली पिंग येणं निसर्गनियमातच बसत नाही. तिथल्या गेम सर्व्हरवरून केबलवाल्याशी भांडू नये. पण शेजारच्या नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात डेटा सेंटरं खच्चून भरलेली आहेत, आणि तिथल्या सर्व्हरला ठाण्यातून ऐंशी मिलिसेकंद लागत असतील तर तुमचा डेटा कुठूनतरी लांबून प्रदक्षिणा घालून येतोय. हे विचारायला हरकत नाही.

आता सात वाजतात

तिन्ही खिडक्या शेजारी शेजारी लावून ठेवा आणि वाट बघा.

तिन्ही एकदम थांबल्या तर दोष घरात: राउटर रिबूट होतोय, अडॅप्टरची पिन ढिली आहे किंवा तुम्ही वायफायवर आहात. वायफाय असेल तर ठाण्याच्या इमारतींत २.४ गिगाहर्ट्झवर काय गर्दी असते ते फोनवरच्या यादीत बघा. वर-खाली-समोर धरून वीसेक राउटर सहज दिसतात, आणि एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. जवळ असाल तर ५ गिगाहर्ट्झवर जा.

पहिली शांत आहे, दुसरी-तिसरी थांबत नाहीत पण पंधराचे तीनशे-चारशे मिलिसेकंद होतात, तर लाइन तुटलेली नाही, तुंबलेली आहे. संध्याकाळी घरी आलेल्या कुणाच्या तरी फोनचे फोटो वर चढत असतात. ते थांबवून बघा, आकडा लगेच खाली येतो. यात केबलवाल्याचा काही संबंध नाही.

पहिली आणि दुसरी चालू, फक्त तिसरी बंद, तर केबलवाल्याच्या पलीकडे काहीतरी आहे. हे तो स्वतः दुरुस्त करू शकत नाही, वर कळवू शकतो.

आमच्याकडे झालं ते चौथं. पहिली खिडकी आरामात चालू, दुसरी आणि तिसरी एकाच क्षणी बंद. म्हणजे राउटरच्या पलीकडे आणि केबलवाल्याच्या पहिल्या यंत्राच्या अलीकडे. पण या टप्प्यातही दोन शक्यता राहतात: इमारतीतली पेटी किंवा तिथून त्याच्या ऑफिसपर्यंतची फायबर. पेटीतल्या साध्या स्विचला (विजेचं बटण नव्हे, एका लाइनचं नेट घराघरांत वाटणारा डबा) स्वतःचा पत्ता नसतो, त्याला पिंग लावता येत नाही. इथे राउटरवरचा 'वॅन' लिहिलेला, म्हणजे बाहेरून येणाऱ्या वायरचा, दिवा बघायचा. घरात येणारी वायर साधी इथरनेटची असेल तर तो दिवा तिच्या दुसऱ्या टोकाला स्विच जिवंत असेपर्यंतच लागतो. नेट गेलं आणि दिवा लागलेलाच राहिला, तर पेटीची वीज शाबूत आहे, भानगड पुढे आहे. दिवा विझून पुन्हा लागला, तर पेटीचीच वीज गेली होती. ज्यांच्या घरात थेट फायबर येते त्यांनी ओएनटीवरचा, म्हणजे फायबर ज्या डब्यात येऊन लागते त्याच्यावरचा, 'लॉस' (एलओएस, सिग्नल हरवल्याचा) हा लाल दिवा बघावा. तो लागला की प्रकाशच पोहोचत नाहीये, म्हणजे वायर कुठेतरी मुडपली, उंदराने कुरतडली किंवा रस्ता खणताना तुटली. घोडबंदरच्या बाजूला मेट्रोचं काम चालू असताना हे शेवटचं कारण लोकांना पाठ झालं होतं.

आमचा दिवा विझला आणि चार-पाच सेकंदांत परत लागला. नेट यायला मात्र दोन मिनिटं लागली. याचा मेळ असा: साधा स्विच वीज आल्याबरोबर उठतो, पण त्याच पेटीतल्या फायबरच्या यंत्राला सुरू होऊन पलीकडे नोंदणी करायला मिनिट-दीड मिनिट लागतं, आणि त्यानंतर राउटर पुन्हा लॉगिन करतो.

वेळेची नोंद महत्त्वाची, आणि विंडोजचं पिंग वेळ छापत नाही. पॉवरशेलमध्ये (विंडोजचीच आज्ञा देण्याची दुसरी खिडकी) पिंगच्या आज्ञेनंतर उभी रेघ देऊन 'फॉरईच-ऑब्जेक्ट' आणि 'गेट-डेट' जोडलं की प्रत्येक ओळीपुढे तारीख-वेळ येते. ते जमत नसेल तर खिडकीशेजारी घड्याळ ठेवून फोनने फोटो काढा, तोही पुरतो. लिनक्सवर मोठ्या लिपीतला -डी आहे, पण तो वेळ सेकंदांच्या लांबलचक आकड्यात देतो.

वेळा एकाखाली एक लिहिल्यावर त्या कधी सात-पाच, कधी सात-वीस अशा निघाल्या. घड्याळाने चालणारी गोष्ट असती तर वेळ तीच आली असती. माणसाच्या हाताने होणारी गोष्ट अशी मागेपुढे होते. खाली जाऊन वॉचमनला विचारलं, "मामा, सातच्या सुमाराला काय करता रोज?"

"पाणी सोडतो की. मोटार चालू करतो."

पेटी जिन्याखाली, मीटरच्या खोलीच्या भिंतीला. तिची वायर पंपाच्याच बोर्डावरून घेतलेली, मध्ये एक पिवळा पडलेला एक्स्टेन्शन बोर्ड. इंडक्शन मोटार थेट चालू केली की पहिल्या क्षणी नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, तेवढ्यात व्होल्टेज खाली बसतं. बल्ब लुकलुकतो, पंख्याला कळतही नाही. पण जुना झालेला १२ व्होल्टचा अडॅप्टर तो झोल पेलत नाही आणि यंत्र रिबूट होतं. मामांना मोटार परत चालू करायला लावली, पेटीतले हिरवे दिवे आमच्यासमोर विझले. मग वर काकूंचा आवाज आलाच.

दुरुस्ती

इलेक्ट्रिशियनने आधी बोर्डातले स्क्रू आवळले, त्यात न्यूट्रलचा स्क्रू बोटाने फिरत होता. मग पेटीची वायर पंपापासून तोडून जिन्याच्या दिव्यांच्या लाइनवर, वेगळ्या फेजवर घेतली. केबलवाल्याच्या मुलाने अडॅप्टर बदलला. एवढ्याने बहुतेक ठिकाणी भागतं. त्यावर एक मिनी यूपीएसही लावून घेतला, कारण महावितरणची वीज क्षणभर गेली तरी हेच नाटक होणार. मिनी यूपीएस घेताना व्होल्ट अगदी तेच हवेत आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त. ९ व्होल्टच्या यंत्राला १२ चं टोक बसतं म्हणून लावू नका, जळेल. विजेच्या बोर्डाला स्वतः हात घालू नका, तिथे इलेक्ट्रिशियनच.

पेटीच्या विजेचं बिल सोसायटीने का भरायचं, हा विषय यानिमित्ताने सर्वसाधारण सभेत निघेल याची तयारी ठेवा. आमच्याकडे निघाला, आणि नेटपेक्षा जास्त वेळ चालला.

दुरुस्तीनंतर तिन्ही खिडक्या पुन्हा संध्याकाळी लावून मोटार चालू करून बघायची. दुसऱ्या खिडकीत एकही ओळ चुकली नाही तर झालं.

तुमचा दोष इमारतीबाहेर निघाला तर तक्रार करताना 'नेट सारखं जातं' असं सांगू नका. असं सांगा: "रोज सात ते साडेसातच्या दरम्यान दोन मिनिटं लाइन जाते, माझ्या राउटरला पिंग चालू असतं, तुमच्या या पत्त्याला बंद होतं, वॅनचा दिवा लागलेला असतो." फोन घेणाऱ्याला यातलं अर्धं कळलं नाही तरी तो राउटर बंद-चालू करा असं म्हणत नाही, वरच्या माणसाकडे देतो. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. केबलवाला फक्त एजंट असेल तर मूळ कंपनीकडून घ्या, त्याच्या वहीतली नोंद धरली जात नाही. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रार केंद्राच्या उत्तराने समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि तिथे हा डॉकेट नंबर मागतात. सोबत वेळा लिहिलेलं पिंग जोडा.